तिजारे काकांचा तोंडी ओटीपी

तिजारे काकांना नुसतं "हो, संध्याकाळी येते" असं सांगून चालत नाही. नंबर द्यावा लागतो. कुठलाही दोन आकडी नंबर. मी फोनवर म्हणते, "सहाला येते, नंबर त्रेसष्ट." ते पलीकडून सावकाश म्हणतात, "सहाले येणार. नंबर सहा-तीन, त्रेसष्ट. बरोबर?" मी म्हणते, "बरोबर." मग ते फोन ठेवतात. हा विधी झाला नाही तर त्यांच्या लेखी मी येणारच नसते. मग सहाला जाऊन बेल वाजवली तरी ते दार उघडून प्रामाणिक आश्चर्याने विचारतात, "काहून आलीस बेटा? काही काम होतं का?"

काका रेल्वेत स्टेशन मास्तर होते. नागपूर-बिलासपूर मार्गावरच्या ज्या छोट्या स्टेशनांवर गाडी थांबली तर प्रवासीच घाबरतात, अशा स्टेशनांवर त्यांची नोकरी झाली. फाटकवाला फोन करून सांगायचा, "साहेब, फाटक बंद केलं." पण रेल्वे अशी कोणाच्या तोंडच्या शब्दावर गाडी सोडत नाही. फाटकवाल्याकडे आकड्यांचा एक गुप्त तक्ता असतो. त्यातला एक आकडा तो फोनवर सांगतो, मास्तर तो परत म्हणून दाखवतो, लिहून घेतो आणि मगच सिग्नल देतो. एकदा वापरलेला आकडा दोघांनीही खोडायचा, तो पुन्हा चालत नाही. ह्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. काका रिटायर झाले, पण प्रायव्हेट नंबर झाला नाही.

रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना आता ह्याची सवय झाली आहे. चौकीदार रात्रीचं गेट लावून त्यांच्या खिडकीखालून ओरडतो, "गेट बंद, साहब, नंबर चौंतीस." दूधवाला उद्या येणार नसेल तर न येण्याचा नंबर देऊन जातो. काकू होत्या तेव्हा झोपण्याआधी त्यांना गॅस बंद केल्याचा नंबर द्यावा लागे. काकू दर वेळी सत्तावीसच सांगायच्या. काका चिडायचे, "वापरलेला नंबर हाय तो." काकू म्हणायच्या, "गॅसही तोच आहे."

काकूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गॅस काका स्वतःच बंद करतात, आणि त्याचं काय करतात ते मी विचारलेलं नाही.

मला ते 'कंट्रोल' म्हणतात. कंट्रोल म्हणजे गाड्या कुठे थांबवायच्या आणि कधी सोडायच्या ते फोनवरून ठरवणारा वरचा माणूस. ही बढती मला मिळाली ती मी त्यांचं आयकराचं रिटर्न भरते म्हणून. मी सिलतऱ्याला एका पोलाद कारखान्यात अकाउंट्समध्ये आहे. सकाळी कंपनीच्या बसने जायचं, दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब बघायचे, संध्याकाळी नाकाकानात काळी धूळ घेऊन परत यायचं. ह्या भांडवलावर कॉलनीने मला कर सल्लागार नेमलं आहे. फी नाही. कोणी चिवडा आणतं, कोणी आशीर्वाद देतं. जुलै लागला की बस उतरून घरी पोचेपर्यंत फाटकापाशी कोणी ना कोणी प्लास्टिकची पिशवी पोटाशी धरून उभं असतं. पिशवीत सगळं असतं. फक्त पाहिजे तो कागद नसतो.

खरं तर म्हाताऱ्या माणसांचं रिटर्न म्हणजे सोपं काम. पेन्शन असते, थोड्या मुदत ठेवी असतात. बँकेने व्याजावर कर कापून ठेवलेला असतो, तो बहुतेकांना परत मिळायचा असतो. ज्येष्ठांना व्याजावर वेगळी सूट असते, ती घेतलीय का ते बघायचं. माझं डोकं त्याने दुखत नाही. ते दुखतं शेवटच्या पायरीवर. रिटर्न भरलं तरी पक्कं होत नाही. ते पक्कं करायला आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकावा लागतो. आणि आमच्या कॉलनीतल्या एकाही म्हाताऱ्या माणसाच्या आधारला त्याचा स्वतःचा मोबाइल जोडलेला नव्हता.

ही आमच्याकडची पद्धतच आहे. आधारचे कॅम्प लागले तेव्हा फॉर्मवर मोबाइल नंबर विचारत. आईवडिलांनी मोठ्या विश्वासाने पोट्ट्याचा नाहीतर पोट्टीचा नंबर लिहिला. आपल्याला कोण फोन करणार, असा त्यात हिशेब. मग मुलं शिकून पुण्याला गेली, हैदराबादला गेली, बंगलोरला गेली, आणि ते नंबर खिशात घालून घेऊन गेली. आता रिटर्न भरलं जातं रायपूरला आणि ओटीपी पडतो बंगलोरला. मुलगा मीटिंगमध्ये असतो. मुलगी गाडी चालवत असते. इकडे आजी माझ्या सोफ्यावर ताठ बसून असतात आणि ओटीपी जन्माला येऊन मरून जातो. दोन-तीन वर्षं दर जुलैत मी हे सोसलं. मग एकेकाला धरून आधार केंद्रात पाठवलं आणि नंबर बदलून घेतले. सगळ्यांनी बदलले. तिजारे काकांनी बदलला नाही.

"काका, पाच मिनिटांचं काम आहे."

"कंट्रोल, मले एक सांग. फाटकवालाही मीच आन् मास्तरही मीच. मीच मले नंबर देऊन राहिलो, मीच घेऊन राहिलो. मंग झाली ना टक्कर."

"इथे कसली टक्कर? रिटर्न आहे हे."

"समोर दुसरा माणूस पाहिजे म्हंजे पाहिजे. नियम हाय."

 दिवसभर कारखान्यात नियमांशी भांडून आलेल्या बाईने संध्याकाळी रेल्वेच्या नियमांशीही भांडायचं, एवढी ताकद माझ्यात नव्हती. मी म्हटलं, ठीक आहे, एकट्या काकांचा ओटीपी बंगलोरला त्यांच्या मुलाकडे पडला तर पडू दे.

तेव्हा दर जुलैत एका संध्याकाळी हा कार्यक्रम होतो. काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून येतात. खुर्ची माझ्या लॅपटॉपच्या अगदी समोर ओढतात. मी आकडे भरत असते तेव्हा ते एक शब्द बोलत नाहीत, त्यांचं त्यात लक्षही नसतं. किती कर कापला, किती परत येणार, हे त्यांनी मला कधीही विचारलेलं नाही. फक्त मी "हं, आता ओटीपी" म्हटलं की ते सावरून बसतात, घसा साफ करतात आणि मुलाला फोन लावतात. स्पीकरवर.

"पराग, मी तिजारे बोलून राहिलो. रायपूर."

"हाँ बाबा, पता है. नाम आता है स्क्रीन पे."

"नंबर आला का?"

"आया. चार, सात, दो..."

"थांब. सावकाश. चार. सात. दोन. पुढे?"

तो सांगतो. हे परत म्हणतात. मग सगळा आकडा सुरुवातीपासून एकदा, आणि शेवटी, "बरोबर?" पलीकडून "बरोबर" आल्याशिवाय मला टाकायची परवानगी नाही. अर्थात मी तोपर्यंत टाकून मोकळी झालेली असते. पडद्यावर हिरवी खूण येते, रिटर्न पक्कं होतं. पण काका पडद्याकडे बघत नाहीत.

"झालं ना बाबा?"

"झालं नाही अजून. कंट्रोलनं सिग्नल दिला नाही. तिकडं पाऊस हाय का?"

"है थोड़ा."

"छत्री हाय ना?"

"है बाबा. कैब से जाता हूँ."

"हव. मंग थांब जरा. मशीन फिरून राहिली हाय इथं."

मशीन वगैरे काही फिरत नसते. हिरवी खूण माझ्यासमोर स्वच्छ दिसत असते. मी उगाच एखादं बटण दाबल्यासारखं करते. का, ते मी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. दिवसभराच्या कामानंतर माणसाला फार विचारावंसं वाटत नाही.

काकांचं बाकीचं वागणंही माझ्या डोक्याला ताप देणारंच होतं. बँकेत एक फॉर्म असतो. ज्याच्यावर करच बसत नाही त्याने वर्षाच्या सुरुवातीला तो भरून दिला की बँक कर कापत नाही. कापला नाही म्हणजे परत मागायचा प्रश्न नाही. कॉलनीतले सगळे म्हातारे एप्रिलमध्ये रांग लावून तो भरतात. काका भरत नाहीत. "कापू दे," म्हणतात. "मागू परत."

"अहो, पण आधी कापू का द्यायचा?"

"कापल्याशिवाय परत कसं मागायचं?"

मग ते पंचाहत्तर वर्षांचे झाले. मला मनापासून आनंद झाला, त्यांच्यापेक्षा माझ्यासाठी जास्त. पंचाहत्तरीनंतर ज्याची पेन्शन आणि ठेवीचं व्याज एकाच बँकेत येतं, त्याला एक सवलत मिळते. बँकेला लिहून द्यायचं, बँकच हिशेब करते, रिटर्न भरायचंच नाही. काकांची पेन्शन आणि ठेवी एकाच बँकेत. मी स्वतः पेढे घेऊन गेले आणि म्हटलं, "काका, सुटलात. आता रिटर्न नाही."

त्यांनी पेढा उचलला आणि तसाच परत खोक्यात ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे मले ड्यूटीवरून काढलं?"

पुढच्याच आठवड्यात त्यांनी एक ठेव मोडली आणि रस्त्याच्या पलीकडच्या दुसऱ्या बँकेत नेऊन ठेवली. मोडल्याचा दंड बसला, व्याजही कमी मिळालं. दोन बँका झाल्या म्हणजे सवलत गेली, म्हणजे रिटर्न आलं. ही बातमी त्यांनी मला फाटकापाशी उभं राहून दिली, एखाद्या कर्तबगार माणसासारखी. मी तेव्हा सिलतऱ्याहून नुकती आलेली, तोंडसुद्धा धुतलं नव्हतं. म्हातारं माणूस आहे, डोकं जरा हललं असेल, असं मनाशी म्हणून मी आत गेले.

ह्या वर्षीच्या जुलैत मात्र गाडी रुळावरून उतरली. काका नेहमीप्रमाणे आले, शर्ट इस्त्रीचा, केस ओले. मी "हं, ओटीपी" म्हटलं. त्यांनी फोन लावायच्या आतच त्यांच्या मोबाइलवर टिंग वाजलं. परागने ओटीपी व्हॉट्सअॅपवर पाठवून दिला होता. खाली लिहिलं होतं, 'मीटिंग में हूँ'.

मी म्हटलं, "वाचा, मी टाकते."

"हा नाही चालत."

"काका, आकडा आहे तो. वाचा."

"लिहून दिलेला चालत नाही. तोंडी पाहिजे. कोणी पाठवला, काय माहीत?"

"परागचा फोटो आहे वर."

"फोटोतून कोणी नंबर देते का?"

त्यांनी फोन लावला. परागने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तो ओटीपी मेला. मी दुसरा मागवला, पुन्हा टिंग, पुन्हा व्हॉट्सअॅप. काकांनी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला आणि हाताची घडी घालून बसले. माझ्या स्वयंपाकघरात कुकर चढवायचा राहिला होता, दुसऱ्या दिवशी कारखान्यात ऑडिट होतं, आणि एक पंचाहत्तरी उलटलेला माणूस माझ्या टेबलाशी संपावर बसला होता. शेवटी माझ्या फोनवरून मी परागला गाठलं. त्याने दात ओठ खात आकडा सांगितला. काकांनी तो एकेक करून परत म्हटला आणि विचारलं, "बरोबर?" पलीकडे फोन ठेवला गेला होता. काका तरी थोडा वेळ वाट बघत राहिले. मग उठले, चपला घातल्या आणि गेले.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये असताना परागचा फोन आला.

"दीदी, प्लीज, बाबा का नंबर चेंज करा दो. मैं हाथ जोड़ता हूँ. कल क्लाइंट बैठे थे सामने. बाबा 'बरोबर, बरोबर' पूछते हैं, यहाँ सब हँसते हैं. साल में एक बार का काम है, मैं मानता हूँ, पर मैं बीच में क्यों?"

पराग काही वाईट मुलगा नाही. बापाची औषधं तिथून मागवून घरपोच देतो, पाण्याचं फिल्टर बिघडलं तर इथे माणूस येतो, दिवाळीला येतो. त्याच्या आवाजात मला राग कमी आणि माझ्यासारखाच थकवा जास्त ऐकू आला. मी म्हटलं, "ठीक आहे. ह्या शनिवारी नेते."

काकांना मी घरी जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं फाटकवाला, मास्तर, टक्कर, सगळं पुन्हा होईल. पण त्यांनी फक्त विचारलं, "त्यानं सांगितलं का? तो म्हनला?"

"हो."

"मंग जाऊ," ते म्हणाले. "शनिवारी."

मी निघाले तेव्हा त्यांनी शनिवारचा नंबर मागितला नाही. मी फाटकापर्यंत जाऊन थांबले, मागे वळून बघितलं. ते दारातून आत गेले होते.

शनिवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आम्ही ऑटोने बुढापारा मोहल्ल्यात गेलो. तलावाच्या बाजूच्या एका गल्लीत आधार केंद्र आहे, तिथे टोकन घेतलं आणि बाकावर बसलो. आमच्यासारखीच जोडपी बसली होती, म्हणजे एक म्हातारं माणूस आणि त्याला धरून आणलेलं एक वैतागलेलं माणूस. पंख्याचा आवाज वाऱ्यापेक्षा जास्त होता. मी मोबाइलवर कारखान्याचे मेल बघायला लागले.

काका समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "त्या बँकेच्या फॉर्मचं मले मालूम हाय बेटा. मी काही येडा नाही."

मी मोबाइल खाली ठेवला.

"तो फॉर्म भरला तं कर कापत नाही. कर कापला नाही तं रिटर्न कायले भरायचं? आन् रिटर्न नाही तं मंग पराग कायले बोलन माझ्याशी?"

"बोलतो की काका. मेसेज करतो ना रोज."

"रोज नाही. रविवारी. 'बाबा ठीक?' असं लिहितो. मी अंगठा टाकतो. झालं." त्यांनी टोकन उलटंसुलटं केलं. "त्याची माय होती तवा तिले फोन यायचा. अर्धा अर्धा तास बोलत. मी बाजूले बसून आयकायचो. मले वाटायचं, मीही बोलून राहिलो. ती गेली तवा समजलं, माझं त्याचं कधी बोलणंच झालं नव्हतं. तो लहान होता तवा मी कोण्या ना कोण्या स्टेशनवर. आता फोन हातात घेतला तं काय बोलायचं तेच सुचत नाही. मले फोनवर दुसरं काही येतच नाही बेटा. नंबर घेता येते आन् नंबर देता येते. तेवढंच तं केलं जन्मभर."

इतकी वर्षं मी ह्या माणसाचं रिटर्न भरत होते, आणि ते कशासाठी भरलं जातंय हे मला त्या बाकावर कळलं. मला फार वाईट वाटलं. परागसाठीही वाटलं, कारण त्याला तरी कोण सांगणार होतं. मी काकांचा हात धरला असता, पण त्यांच्या एका हातात टोकन होतं आणि दुसऱ्यात आधार कार्ड, आणि दोन्ही त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

"चला परत जाऊ," मी म्हटलं. "त्याला सांगते, आज झालं नाही."

"नाही. त्यानं सांगितलं हाय," काका म्हणाले.

तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. खिडकीत एक मुलगी होती, सकाळपासून म्हाताऱ्यांची बोटं यंत्रावर दाबून दाबून दमलेली. वयाने रेषा पुसट झालेली बोटं यंत्राला ओळखू येत नाहीत, त्यामुळे प्रत्येकाला दहा वेळा दाबावी लागतात. तिने वर न बघताच विचारलं, "अंकल, कौन सा मोबाइल नंबर जोड़ना है? बोलिए."

काका खुर्चीत सरळ झाले. घसा साफ केला. आणि एकेक आकडा सुटा करून त्यांनी नंबर सांगितला. मी शेजारी उभी होते. तो त्यांचा नंबर नव्हता, परागचा होता.

मुलीने टाइप केला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अंकल, यही तो पहले से जुड़ा है. बदलना क्या है?"

"बदलना नहीं है," काका म्हणाले. "देखना था, अभी है कि निकल गया."

तिने माझ्याकडे बघितलं. माझी अर्धी रजा गेली होती, ऑटोत कंबर मोडली होती, आणि सोमवारी परागला काय सांगायचं हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "हाँ, बस इतना ही देखना था."

"इतने के लिए लाइन में लगे?" ती म्हणाली, पण रागावली नाही. बहुधा रागवायचंही तिच्यात त्राण नव्हतं. तिने काकांचा मोबाइल मागून घेतला. "ये घर बैठे हो जाता है अंकल. देखो, यहाँ आधार नंबर डालो, ये दबाओ. ओटीपी चला जाता है. जिसके पास गया, वही नंबर जुड़ा है. समझे?"

"दबाया तो चला गया?"

"हाँ, चला गया."

"फिर से बताइए," काका म्हणाले. तिने पुन्हा दाखवलं. काका मान हलवत एकेक पायरी तोंडाने म्हणत होते.

आम्ही बाहेर पडायच्या आत त्यांचा मोबाइल वाजला. नाव बघून काकांनी तो आधी माझ्यापुढे धरला, जणू चुकून त्यांच्याकडे आलेला फोन. मी म्हटलं, तुमचाच आहे. त्यांनी कानाला लावला. परागचा आवाज इतका मोठा होता की मला शेजारी उभं राहून ऐकू आला.

"बाबा, ओटीपी आया मेरे पास. आपने कुछ किया क्या? किसी ने फोन किया था? किसी को कुछ बताया तो नहीं?"

"नाही रे. कोणाले नाही सांगितलं." काका चालत चालत तलावाच्या कठड्याकडे निघाले. "हव. हव. बरा हाय ना मी... नाही, नाही. मी कुठं केला? तूच केला फोन."

मी ऑटोवाल्याला थांबायला सांगितलं. तो म्हणाला, "वेटिंग लगेगा, दीदी." मी म्हटलं, लागू दे. कठड्याला पाठ टेकून काका बोलत होते. काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही, पण मध्येच त्यांनी हात हवेत हलवला, आणि एकदा तर चक्क हसले. मी सावलीत ऑटोत बसून मेल बघितले. ते सगळे वाचून झाले तरी त्यांचं बोलणं चाललं होतं.

परागला मी सोमवारी सांगितलं की बोटं नीट उमटली नाहीत, नंतर बघू. म्हाताऱ्यांची बोटं उमटत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं, त्याने विश्वास ठेवला.

सप्टेंबरमध्ये त्याचा पुन्हा फोन आला. ह्या वेळी आवाज काळजीचा होता.

"दीदी, बाबा के आधार का ओटीपी आता रहता है मेरे पास. कभी हफ्ते में एक, कभी दो. कोई हैक कर रहा है क्या? मैं हर बार घबरा के बाबा को फोन करता हूँ. वो बोलते हैं सब ठीक है, और फिर इधर-उधर की बातें करने लगते हैं. आधार लॉक कर दूँ क्या? ऑनलाइन हो जाता है."

मी खिडकीपाशी उभी होते. समोरच्या ओसरीवर तिजारे काका चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन, मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून, एका बोटाने काहीतरी टाइप करत होते.

"लॉक नको करूस," मी म्हटलं. "ओटीपी आला की बाबांना फोन कर. लगेच. मेसेज नाही, फोन."

"हर बार?"

"दर वेळी."

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"दीदी," मग तो हळूच म्हणाला, "ये बाबा ही करते हैं ना?"

 त्याने माझ्या उत्तराची वाट बघितली नाही. पलीकडे कोणीतरी त्याला हाक मारत होतं, तो "दो मिनट" म्हणाला आणि परत फोनवर आला.

"संडे को मैं ही लगा दूँगा. ओटीपी के बिना. तीन बजे चलेगा? दोपहर को वो क्या करते हैं?"

काका दुपारी दोन ते चार गाढ झोपलेले असतात. त्या वेळात कोणी बेल वाजवली तर आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे बोलतात, म्हणून कॉलनीत कोणी त्या बाजूला फिरकत नाही. पण ह्या फोनसाठी ते दोनपासूनच केस ओले करून बसतील.

"चालेल," मी म्हटलं. "तीनलाच कर."